बोट उचलणारं बटण

अख्खी गल्ली त्यांना बटणमामा म्हणायची, आणि त्यावरून गोंधळही व्हायचे. एकदा एक बाई नवऱ्याचा शर्ट घेऊन आली, वरचं बटण तुटलंय म्हणून. मामांनी तेही लावून दिलं. मोडक्या वस्तूला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. धंदा मात्र जुन्या कॉम्प्युटरचे कीबोर्ड दुरुस्त करण्याचा. नव्यांना हात लावायचे नाहीत. बिघडला की फेकून द्यायचा, त्याला वस्तू कशाला म्हणायचं, असं त्यांचं मत होतं; आणि मामांचं मत एकदा झालं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या दारापलीकडे मामींची खाट. मामी एके काळी एका कचेरीत टायपिस्ट होत्या, आणि बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मामा दिवसभर टेबलावर मान घालून बसायचे आणि मामी आतून एकट्याच बोलत राहायच्या. मधेच विचारायच्या, "काय म्हणाले मी आत्ता?" मामांना ते कधीच सांगता यायचं नाही. "जित्याची खोड," असं म्हणून मामी पुढचं सुरू करायच्या.

अशा बाईचा आवाज गेला. आजारच तसला होता, अंगातली ताकद एकेका जागेतून काढून घेणारा. आधी जीभ जड झाली, मग शब्द ओळखू येईनात. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की यावर औषध नाही, हातसुद्धा हळूहळू जातील. मामा घरी आले, तडक माळ्यावर चढले आणि मामींच्या कचेरीतून मोडीत निघालेला जाडजूड कीबोर्ड खाली काढला. खाटेवर आडवी फळी टाकली, तिच्यावर तो ठेवला, समोर कॉम्प्युटरचा पडदा लावला. मामींनी पहिलं वाक्य टाइप केलं, "ऐकलं तर कधी नाहीत, आता वाचा तरी." मामा हसले, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

आता थोडं या कीबोर्डांचं सांगायला हवं, त्याशिवाय मामांनी काय करून ठेवलं ते कळायचं नाही. यांच्या पोटात प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चंदेरी रेघा, मधल्याला नुसती भोकं. बटण दाबलं की वरचा पापुद्रा भोकातून खाली टेकतो आणि अक्षर उमटतं. एवढंच. फरक असतो तो पापुद्र्यांच्या वर काय बसवलंय त्यात. मामींच्या कीबोर्डात स्प्रिंगा होत्या, प्रत्येक अक्षराला खाड असा आवाज. तो ऐकला की मामा टेबलावरून उठायचे.

काही महिन्यांत स्प्रिंगा जड व्हायला लागल्या. मामांनी दुसरा कीबोर्ड आणला, त्यात स्प्रिंगेऐवजी रबराच्या छोट्या वाट्या. त्याही जड झाल्या तेव्हा ब्लेडने एकेक वाटी तासून पातळ केली. शेवटी तेही पुरेना, तेव्हा कुठल्याशा जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा सपाट कीबोर्ड शोधून काढला. त्याला बटणंच नव्हती, पापुद्र्यावरच अक्षरं छापलेली. वर ना स्प्रिंग, ना रबर. मामांनी मधला पापुद्राही काढून त्याहून पातळ घातला. नुसतं बोट टेकलं की काम व्हायचं. आवाज नव्हता, म्हणून पडदा दाराकडे वळवला आणि कोपऱ्यातल्या एका अक्षरावर लाल ठिपका दिला. ते तीनदा उमटलं की मामांना हाक.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट राहून जायची. लेकीने मुद्दाम खाटेशेजारी एक स्टूल आणून ठेवलं होतं, बाबांना बसायला. त्यावर कायम स्क्रू, पकडी, रबराचे तुकडे. मामी लिहायच्या, "बसा जरा." मामा म्हणायचे, हे एवढं झालं की बसतोच. एवढं झालं की तेवढं निघायचं. माणूस वाईट नव्हता हो. हात रिकामे ठेवून तिच्याकडे बघत बसायची छाती होत नव्हती, खरं कारण हे.

पातळ पापुद्र्याचं एक दुखणं होतं. उकाड्यात वरचा ढिला पडून खालच्याला चिकटायचा आणि एकच अक्षर आपोआप धावत सुटायचं. मग मामा वायर काढून कीबोर्ड टेबलावर न्यायचे. तेवढा वेळ मामी मुक्या.

त्या दुपारीही तसंच झालं. पडद्यावर लाल ठिपक्याचं अक्षर ओळीमागून ओळी भरत चाललं होतं. "चिकटला मेला परत," असं पुटपुटत मामांनी मामींचं बोट बाजूला ठेवलं आणि कीबोर्ड उचलून नेला. टेबलावर उघडला. पापुद्रे कोरडे, सुटे, जिथल्या तिथे. पुन्हा तपासले. कुठेही काही चिकटलेलं नव्हतं. मामांनी दारातून आत पाहिलं. रिकाम्या फळीवर मामींचं तेच बोट टेकलेलं होतं, आणि ते वर यायला धडपडत होतं.

तेव्हा मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. बोट दाबायला जशी ताकद लागते तशी उचलायलाही लागते. स्प्रिंग बोटाला वर ढकलायची, रबर ढकलायचं. जे ढकलत होतं ते मामांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं. इतके दिवस फक्त दाबण्याचाच विचार केला, आणि आज ती हाक मारत असताना तिचा आवाजच उचलून आणला. कपाळावर हात मारून घेतला त्यांनी.

तसाच कीबोर्ड परत नेला, जोडला, मामींचं मनगट धरलं. मामी बोट टेकवायच्या, मामा उचलायचे. पडद्यावर उमटलं, "बसा."

मामांचे डोळे भरून आले. "बसतो गं," ते म्हणाले. "बोट आपोआप वर येईल एवढं करतो. मग इथून हलत नाही, शप्पथ."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

मामा टेबलाशी गेले. सगळ्यांत मऊ रबराच्या वाट्या निवडल्या, तासल्या, एकेक करून अक्षरांवर चिकटवल्या. पहिली फार ताठ झाली, दुसरी फार लेचीपेची. हात सैल सोडून स्वतःचं बोट टेकवायचे आणि वर येतंय का बघायचे. टेबलावरचं ऊन भिंतीवर चढलं तरी मान वर केली नाही. अखेर जमलं. असं काम आयुष्यात कधी हातून झालं नव्हतं. "आलो गं," म्हणत, पोराने बक्षीस मिरवावं तसा कीबोर्ड दोन्ही हातांत धरून ते आत गेले.

फळीवर ठेवला, जोडला. मामींचं बोट लाल ठिपक्यावर ठेवलं आणि वरून आपल्या बोटाने हलकेच दाबलं. अक्षर उमटलं. मामांनी हात काढला, आणि बटणाने मामींचं बोट अलगद वर उचललं.

"बघ," मामा म्हणाले, "आलं की नाही वर?"

मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

लेक आली तेव्हा मामा उभेच होते. स्टुलावर पकडी आणि स्क्रू तसेच पडले होते.

आता दुकान दुपारचं बंद असतं. स्टूल पुसलेलं, वरच्या पकडी-स्क्रू काढून टाकलेले, मामींच्या रिकाम्या खाटेला लावून ठेवलेलं. कुणी काम घेऊन आलं आणि कडी वाजवली, तर आतून मामांचा आवाज येतो, "थांबा थोडं. मी बसलोय."