ठोसा बसला की शड्डू

आमचं मालक तालमीतलं, पलटणीत जाऊन बॉक्सिंग शिकलं. ठोसा लय जोरकस, पर तो बसला की खुशीत मांडीवर शड्डू ठोकायचं, आन् हात खाली गेल्यानं तोंड ठोशाला उघडं पडायचं.

साताऱ्यात पलटणीच्या टीमच्या निवडीला बॉक्सिंगचा उस्ताद म्हणला, "आज हात खाली आला तर टीममधनं बाद."

मी पोर काखंला घिऊन बघत उभी. ह्यांनी ठोसा हाणला, समोरचा डगमगला, आन् ह्यांचा हात निघाला की मांडीकडं. शेजारी सासरं हायेत ह्ये इसरून मी वरडले, "आवं, हात वर!"

हात वर गेला, उलटा आल्याला ठोसा त्याच्यावरच बसला. समदं मैदान हसाया लागलं.

उस्ताद म्हणला, "घेतला. पर दर लढतीला ह्याची बायकू कुठनं आणू?"

सासरं म्हणलं, "न्या की संगं." मी पदरात तोंड घालून हसतीय, पोर भिऊन रडतंय.