फर्माईशीतलं तिसरं नाव

"उद्या सकाळी पहिला शॉक," बडे सर म्हणाले. केसपेपरवर सही केली आणि पुढच्या खाटेकडे निघूनही गेले.

खाटेवर बसलेली बावीस वर्षांची सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. पायाचा अंगठा फक्त फरशीवर घासत होती. तिच्यापेक्षा मीच जास्त बेचैन होते, आणि कशानं ते मला सांगता येत नव्हतं.

नागपुरात टीव्ही यायच्या आधीची ही गोष्ट. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी मानसोपचार विभागात ज्युनिअर डॉक्टर होते. विभाग म्हणजे दोन वॉर्ड, एक ओपीडी आणि बडे सर. सर हुशार होते, पेशंटशी मायेनं वागत, पण त्यांचं मत एकदा झालं की झालं. मी मुळात उतावीळ. एका जागी बसले की माझ्या पायाला मुंग्या येतात. "डॉक्टर, आधी तुम्ही बसा, मग पेशंट बसेल," असं सर मला सगळ्यांसमोर म्हणायचे.

सुनंदाला तिचा नवरा आणि सासू घेऊन आले होते. घर शहरातल्या महाल भागात. नवरा वसंत सरकारी कचेरीत क्लार्क, बोलायला मऊ आणि आईसमोर त्याहून मऊ. हिस्टरी सासूनं दिली. हिस्टरी म्हणजे दुखण्याची हकीकत. ती पेशंटनं सांगावी असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे ती नातेवाईक सांगतात आणि पेशंट शेजारी बसून ऐकतो. लग्नाला दीड वर्ष झालं. सून कामाला वाघ. पण दुपारी रेडिओवर फर्माईशचा कार्यक्रम लागला की हातातलं काम टाकून रेडिओला कान लावून बसते. गेल्या पंधरवड्यात एक दिवस एक गाणं लागलं आणि ही तशीच अनवाणी उठून बस स्टँडकडे निघाली. ओळखीच्या पानवाल्यानं परत आणली. चार दिवसांनी पुन्हा तेच. विचारलं तर म्हणते, रेडिओवर मले बोलावणं आलं.

आमच्या धंद्यात याला डिल्युजन ऑफ रेफरन्स म्हणतात. सोपं करून सांगायचं तर, जगात जे काही चाललंय ते आपल्यालाच उद्देशून आहे असं पेशंटला ठाम वाटतं. पेपरातली बातमी, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं खोकणं, रेडिओवरचं गाणं. कितीही समजावलं तरी पटत नाही. मोठ्या आजाराचं हे लक्षण असतं आणि त्या काळी त्यावर विजेचे शॉक हा खात्रीचा उपाय होता. शॉकनं बरे झालेले पेशंट मी पाहिलेत, त्यामुळे त्याला नावं ठेवणार नाही. पण शॉक दिल्यावर काही आठवडे माणूस धुक्यात असतो. काल काय झालं तेही आठवत नाही.

सासूसमोरच मी सुनंदाला विचारलं होतं की गाण्यात तुला नेमकं काय सांगितलं. तिनं आधी सासूकडे पाहिलं आणि मग मान हलवली. "काही नाही."

"सांग ना वं, काहून गप बसली आता?" सासू म्हणाली. "घरी तर मोठी बोलत होती."



मग मी त्या गाण्याच्याच मागे लागले. सिनेमातलं हिंदी गाणं, त्या वर्षी पानठेल्यापासून लग्नाच्या बँडपर्यंत सगळीकडे वाजत होतं. एक पोरगी बैलगाडीत बसून जत्रेला निघते आणि गाडीवानाला म्हणते, जरा हळू हाक. बस, एवढंच. आमच्या एका सिस्टरला ते अख्खं पाठ होतं. मी तिच्याकडून शब्द उतरवून घेतले आणि वाचलेली सगळी पुस्तकं त्यावर ओतली. गाडी म्हणजे संसार, गाडीवान म्हणजे नवरा, हळू हाक म्हणजे नव्या नवरीच्या मनातली भीती, आणि जत्रा म्हणजे अर्थातच माहेर. सर जाम खूश झाले. यावर पेपर लिहा म्हणाले. मीही फुशारले. फक्त एक गोष्ट डाचत होती. हे सगळं मी सुनंदाला ऐकवलं तेव्हा ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की जणू खाटेवर ती नसून मीच बसले आहे.

शॉकचा हुकूम निघाला त्या दुपारी मला चैन पडेना. वॉर्डच्या व्हरांड्यात मी चार खेपा घातल्या. शेवटी सिस्टरांचा ट्रान्झिस्टर उचलला आणि सुनंदासमोर नेऊन ठेवला. म्हटलं, गाणी लागताना हिचा चेहरा तरी डोळ्यांनी बघू. दाखल झालेल्या पेशंटजवळ दुपारी नातेवाईकांना थांबू देत नसत, म्हणून सासू नव्हती. हे मी ठरवून केलं नव्हतं, आपोआप जमून आलं.

फर्माईशचा कार्यक्रम ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोक पोस्टकार्डावर आवडतं गाणं आणि आपली नावं लिहून पाठवत. गाण्याच्या आधी अनाउन्सर गाव आणि नावांची मोठी माळ वाचायचा. आपलं नाव रेडिओवर यावं म्हणून लोक ढिगानं कार्डं पाठवायचे. गावोगावी श्रोता मंडळं असायची. नावं ऐकायला ज्याचं त्याचं घर बसलेलं असायचं, बाकीचे त्या वेळात पाणी पिऊन यायचे.

पहिली माळ सुरू झाली तशी सुनंदा पुढे झुकली. श्वास रोखून ऐकत होती. गाणं सुरू झालं आणि ती मागे टेकली. बोटानं चादरीचा दोरा ओढू लागली. दुसऱ्या गाण्याला तेच, तिसऱ्यालाही तेच. नावं आली की कान टवकारलेले, आणि गाणं लागलं की लक्ष उडालेलं. ते बैलगाडीचं गाणंसुद्धा लागलं. तिनं त्यात जांभई दिली.

मी रेडिओ बंद केला. गाण्यातून निरोप ऐकणारा पेशंट गाणं सोडून बाकीचं ऐकतो, असं मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

"कोणाचं नाव ऐकून राहिली तू?" मी विचारलं.

तिनं दाराकडे पाहिलं. सासू नाही याची खात्री केली आणि मग एका दमात सगळं सांगितलं. माहेर सावनेरचं. भाऊ सुभाष तिथल्या एका कोळसा खाणीत टाइमकीपर. घरी विधवा आई. लग्नात मांडवातच सुभाष आणि तिच्या सासऱ्यांचं मानपानावरून वाजलं, सुभाष सासऱ्यांच्या अंगावर धावून गेला, आणि त्या दिवसापासून येणंजाणं बंद. पत्रं यायची ती सासू आधी वाचायची आणि चुलीत घालायची. पुढं सासरे वारले तरी सासूनं राग सोडला नाही. निरोप घेताना सुभाष तिच्या कानात सांगून गेला होता की मी रेडिओवर कार्डं पाठवत राहीन, गाणं कोणतंही असो. "सावनेरहून सुभाष, बेबी आणि आई" अशी तीन नावं आली तर समज, आई चांगली आहे. आई बरी नसली तर मी तिचं नाव लिहिणार नाही. बेबी हे सुनंदाचं माहेरचं नाव. घराघरात एक बेबी होती तेव्हा, सासरी कुणाला शंकाही आली नाही.

"दीड वर्ष तीन नावं येत होती," ती म्हणाली. "मंग एक दिवस दोनच आली. मी गेली तर मले पकडून आणलं. पुन्हा दोनच आली. बाई, माझी आई असन का नसन, मले काही माहीत नाही."

मी धावतच सरांच्या खोलीत गेले. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि चष्मा पुसला.

"डॉक्टर, डिल्युजनला लॉजिक असतंच. उलट वेड्याचं लॉजिक आपल्यापेक्षा पक्कं असतं. अनाउन्सर घाईत असला की अर्धी नावं गाळतो. त्यातून हिनं आईचं मरण काढलं, यालाच आजार म्हणतात."

मी म्हटलं, आणि आई खरंच आजारी असली तर?

"तर पुरावा आणा. शॉक सकाळी सातला आहे."

त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही, हेच मला जास्त झोंबलं. दोन्ही बाजूंनी हिशेब बरोबर लागत होता. सुनंदा खरं बोलत असेल किंवा भ्रमात असेल, तिचा चेहरा दोन्ही वेळा असाच दिसला असता.

खाणीच्या ऑफिसला ट्रंक कॉल लावला. ट्रंक कॉल म्हणजे एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि ते जोडून देतील तोवर फोनजवळ बसून राहायचं. बसणं हे माझं काम नव्हे. मी फोनभोवती फिरत होते. ऑपरेटर म्हणे लाइन बिझी आहे, मग म्हणे लाइन डाऊन आहे. एकदा लागला तर पलीकडून कुणीतरी म्हणालं, सुभाष घरी गेला, माणूस पाठवतो. मग लाइन तुटली. ऊन उतरलं, ओपीडीचा झाडू मारून झाला. शेवटी घंटी वाजली.

"आईले लकवा मारला," सुभाषचा आवाज आला. "एक बाजू गेली, बोलता येत नाही. दारात कोणी आलं का डोळे उघडून पाहते. मी दोनदा महालात येऊन गेलो, बाई. दारातूनच परत पाठवलं. आता बेबीले पाठवा."

भेटीच्या वेळेला वसंत आणि त्याची आई डबा घेऊन आले. मी दोघांना सरांसमोर बसवलं आणि फोनवरचं सगळं सांगितलं. वसंतनं आईकडे पाहिलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"सुभाष आला होता?" त्यानं विचारलं.

म्हातारी डब्याच्या कडीशी चाळा करू लागली. "आला होता. मले वाटलं, पोरीले न्यायचा बहाणा करून राहिला. ह्यांच्या अंगावर धावून गेलेला माणूस. त्याच्या तोंडचं काहून खरं मानू मी?" मग हळू आवाजात म्हणाली, "मंग ही पळाली, तवा मले खरंच वाटलं का हिले वेड लागलं."

केसपेपर ओढून शॉकची ऑर्डर सरांनी आडवी रेघ मारून खोडली. वसंत त्याच संध्याकाळी सुनंदाला घेऊन सावनेरच्या बसमध्ये बसला. डबा तसाच माझ्या टेबलावर राहिला. भूक लागली होती, मी तो खाऊन टाकला.

पंधरा दिवसांनी दोघं फॉलो-अपला आले. या वेळी मी नवऱ्याला आधी बाहेर बसवलं. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटच्या बाबतीत हेच करत आले आहे. आई जगली होती. बोलत नव्हती, पण ओळखत होती. सुनंदा आठ दिवस तिच्याजवळ राहून आली होती. मी खुशीत केसपेपर पुढे ओढला आणि म्हटलं, आता लिहून टाकते, आजार नाही, पेशंट पूर्ण बरी.

सुनंदानं चटकन कागदावर हात ठेवला.

"बाई, बरी झाली असं लिहू नका. सासूबाईनं एक डाव जाऊ दिलं, आता म्हणते झालं ना भेटून. बरी झाली तर मले पुन्हा कोण जाऊ देईन?"

मी पेन हातात धरून बसून राहिले. एका जागी इतका वेळ मी त्या खोलीत कधीच बसले नव्हते. मला संताप आला होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. मग प्रिस्क्रिप्शनचा कागद घेतला आणि लिहिलं, "महिन्यातून एकदा सावनेर, किमान दोन रात्री मुक्काम. खंड पडू देऊ नये." सरांकडे सहीला नेला. त्यांनी दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही ठोकली.

सुनेचा शब्द ज्या घरात चालत नव्हता, तिथे डॉक्टरचा कागद चालला. सासू शेजारीपाजारी सांगायची की आमच्या सुनेचं औषध चालू आहे. पेशंट औषध अर्ध्यात सोडतात, ही आमच्या धंद्यातली नेहमीची रड. सुनंदानं आई असेपर्यंत एकही डोस चुकवला नाही.