शेळीच्या पिक्चरचं शेवटचं रीळ

उदगीरच्या गुंडप्पा ऑपरेटरची थोरली लेक शिवकांता हिच्याइतक्या वेळा तो पिक्चर अख्ख्या तालुक्यात कुणी पाहिला नसेल. पिक्चरला चांगलं भारदस्त हिंदी नाव होतं, पोस्टरवर हातभर अक्षरांत लिहिलेलं असायचं. पण उदगिरात ते कुणी कधी घेतलं नाही. उदगिराच्या लेखी तो ‘शेळीचा पिक्चर’.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. म्हणायचं बहात्तर, पण खरा चटका बसला तो पुढच्या जानेवारीपासून. माणसं दिवसभर खडी फोडायची, सरकारी सुकडी खायची आणि बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या टाकीजात येऊन बसायची. असल्या दिवसांत रडका पिक्चर कोण बघणार? घरात रडायला काय कमी होतं? मालकानं देवादिकांचे दोन आणून बघितले, दोन्ही आपटले. मग शेळीचा आला आणि अकरा आठवडे हलला नाही.

कॉलेजातल्या पोरापोरींचा पिक्चर. पोरींच्या वसतिगृहात चहाला दूध मिळत नाही म्हणून त्या चोरून एक शेळी पाळतात. ती शेळी रेक्टरबाईंचा गजरा खाते, प्रिन्सिपॉलांचं भाषण खाते, शेवटी परीक्षेचं वेळापत्रकच खाऊन टाकते. हिरॉईन खेड्यातनं आलेली, हुशार आणि तोंडाची फटकळ. एक दिवस तिचा बाप न कळवता भेटायला येतो आणि बघतो तर लेकीच्या खाटेवर शेळी पांघरूण घेऊन झोपलेली. बाप खवळतो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात शेळीचं दावं, पुढं लेक, अशी वरात बसमधून गावाकडं निघते. बस गावात थांबते. शेळी टुणकन उडी मारून सरपंचाच्या धोतराला तोंड लावते. इतका वेळ गाल फुगवून बसलेली लेक फिसकन हसते, बाप हसतो, ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. आणि टाकीजातले दिवे लागायचे. माणसं टाळ्या पिटत उठायची ती थेट शेवटच्या एसटीकडं पळायची.

शिवकांताचं घर टाकीजच्या पाठभिंतीला लागून. आई आदल्या वर्षी गेलेली, मागं दोन लहान भाऊ. संध्याकाळी भाकरी थापून ती अप्पांचा डबा मशीनच्या खोलीत घेऊन जायची आणि तिथंच, भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पिक्चर बघत उभी राहायची. गुंडप्पा मशीनमधल्या जळत्या कार्बनच्या कांडीवर एक डोळा ठेवून जेवायचा. त्याचं काम तिला पाठ झालं होतं. नव्या पिक्चरच्या रिळांची पेटी आली की तो सकाळी रिकाम्या टाकीजात सगळा पिक्चर एकट्यानं चालवून बघायचा, कुठं तुटलाय, कुठं चिकटवायचा ते हेरायचा. पिक्चर लांबला आणि खेड्यापाड्यातल्या लोकांची बस चुकायला लागली, की मालक म्हणायचा, ‘‘एक रीळ गाळ.’’ मग गुंडप्पा मधलं एखादं गाण्याचं रीळ गाळायचा. कुणाला पत्ता लागायचा नाही, उलट लोक म्हणायचे, पिक्चर लई फास्ट हाय.

तिच्या वर्गात तारामती होती. स्टेशनजवळ राहायची. तिचा बाप केरबा रेल्वेच्या गँगमध्ये. बौद्धांचं घर, पोरीनं शिकायचं का, हा प्रश्नच त्या घरात कधी निघाला नव्हता, फक्त कुठं शिकायचं एवढंच ठरायचं होतं. दोघींना त्या हिरॉईनचं वेड लागलं. तिच्यासारखी एक वेणी पुढं घ्यायची, तिच्यासारखं भुवई उडवून बोलायचं. गणिताच्या बाई रागावल्या की तारामती हळूच ‘‘बें’’ करायची आणि सगळा वर्ग पोट धरून हसायचा. मॅट्रिक झालं की नांदेडला जायचं, मास्तरीणबाईच्या ट्रेनिंगला, हे दोघींनी पक्कं केलं होतं. वसतिगृहात राहायचं आणि शेळी पाळायची!

एकदा डबा देताना शिवकांतानं विचारलं होतं. पोरगी बारकाईनं बघणारी.

‘‘अप्पा, बाकीच्या पिक्चरांना शेवटाला पाटी येती, समाप्तची. ह्याला का येत न्हाई?’’

‘‘जळालं तेवढं तुकडं,’’ गुंडप्पा म्हणाला. ‘‘आधीच्या गावानंच जाळून धाडलं.’’

‘‘मंग ती पोरगी पुढं काय करती?’’

‘‘काय करंल? आली की बापाकडं. झालं. संपला पिक्चर.’’

तिनं मान हलवली. बापावर विश्वास ठेवायला काही पुरावा लागत नाही.

जूनमध्ये निकाल लागला. शिवकांता शाळेत दुसरी आली, तारामती पाचवी. दोघींना नांदेडहून प्रवेशाची पत्रं आली. गुंडप्पानं पत्र दोनदा वाचायला लावलं. ओरडला नाही, नको म्हणाला नाही. उंबऱ्यात बसून तंबाखू मळत एवढंच बोलला, ‘‘तुझं तू ठरीव शिवा. त्या पिक्चरातल्या पोरीनं काय केलं, इतक्या बार बघितलंस न्हवं? ती काय कमी हुशार होती? शेवटाला हसतच आली का न्हाई बापाकडं? अन् लोक टाळ्या का वाजवून राहिले? येडे हायत का?’’

आता कुणी म्हणेल, पिक्चर बघून का कुणी आयुष्य ठरवतं? ठरवतं की. सतरा वर्षांची पोर, आई नसलेली, गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया ‘पोरगी परगावी धाडायची?’ म्हणून कान भरणाऱ्या. तिला शहाणी वाटणारी एकच बाई होती आणि ती पडद्यावर होती. ती घरी परत आली, तर आपणही घरीच राहावं. दोन रात्री विचार करून शिवकांतानं पत्र ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, ‘‘मीच न्हाई जात म्हणलं.’’ तारामती रडत रेल्वेत बसली. डिसेंबरात शिवकांताचं लग्न जळकोटच्या पंचाक्षरीशी झालं. रेशनचं दुकान, माणूस शांत. तक्रार करावी असं तिथं काही नव्हतं.

दहा वर्षांत तिनं एक गोष्ट मात्र फार जपली. बायका-बायकांत बसली की सांगायची, ‘‘मला नांदेडचं पत्र आलं होतं. बाप धाडतो म्हणत होता, मीच न्हाई गेले.’’ जळकोटात दुसऱ्या कुठल्या बाईनं आपलं काही आपण ठरवलं होतं? तिनं ठरवलं होतं. चुकलं असेल, पण तिचं तिनं ठरवलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर ती ताठ चालायची.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. जुन्या जिल्ह्यातली कागदपत्रं नव्या जिल्ह्यात यायला लागली आणि येता येता निम्मी वाटेतच बसली. पंचाक्षरीच्या दुकानाची फाईल त्यातच. दुकान बंद ठेवता येईना, म्हणून घरातलं मॅट्रिक झालेलं माणूस, म्हणजे शिवकांता, लातूरला निघाली. नव्या कचेरीत टेबलं नवी, कारकून नवे. फाईल तेवढी सापडेना. ‘‘उद्या या बाई.’’

तारामती लातुरातच शाळेवर होती. शिवकांता तिच्या वर्गाच्या दारात उभी राहिली तशी तारामतीनं दुपारची शाळा दुसऱ्या बाईंच्या गळ्यात मारली. ‘‘चल! इथं कुठला लागलाय सांगू? शेळीचा! कालिजातल्या पोरांनी डोक्यावर घेतलाय.’’

तीनचा खेळ. टाकीज गच्च, सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं. पिक्चर निघाला तेव्हा ही पोरं केवढी होती? पण पडद्यावर शेळी यायच्या आधीच पोरं ‘‘बें’’ करून ओरडत होती आणि रेक्टरबाईंचं बोलणं रेक्टरबाईंच्या आधी म्हणत होती. एक गाणं तर शिवकांतानं पहिल्यांदाच बघितलं. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. किती दिवसांनी, किती वर्षांनी ती अशी हसत होती! बस गावात थांबली. शेळीनं धोतर धरलं. लेकीनं बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. शिवकांतानं चपला पायात सरकवल्या, पदर खोचला आणि उठून उभी राहिली.

दुसरं कुणीच उठलं नाही. मागून एक पोरगा म्हणाला, ‘‘ओ काकू, बसा की खाली!’’

‘‘बस गं,’’ तारामतीनं तिचा हात ओढला. ‘‘अजून हाय की.’’

पडद्यावर सकाळ झाली होती. पोरीनं शेळी बापाच्या बाजेच्या पायाला बांधली, ट्रंक उचलली आणि तीच बस पकडून परत निघाली. बाप जागा झाला. आता हा ओरडणार, असं शिवकांताला वाटलं. बाप घरात पळाला, बाहेर आला आणि बसच्या मागं अनवाणी धावत सुटला, हातातला कागद हलवत. पोरगी परीक्षेच्या प्रवेशाचा कागद घरीच विसरली होती. धापा टाकत त्यानं तो खिडकीतून तिच्या हातात दिला. टाकीजात पोरांनी शिट्ट्यांचा कहर केला. पोरीनं पेपर लिहिला, पहिली आली, बाप पुढच्या रांगेत शेळी घेऊन बसला. मग पाटी आली, समाप्त.

शिवकांता बसूनच राहिली. माणसं पायांवरून गेली तरी तिला कळलं नाही.

‘‘तुला ठाऊक होतं?’’ तिनं विचारलं.

‘‘नांदेडला पहिल्याच महिन्यात बघितला की आम्ही पोरींनी.’’

‘‘मला का न्हाई लिहिलंस?’’

‘‘मला वाटलं, तुला ठाऊकच असंल,’’ तारामती म्हणाली. ‘‘ऑपरेटर तुझा बाप हाय.’’

फाईल दुसऱ्या दिवशी सापडली. शिवकांतानं सही केली, कागद पिशवीत घातले आणि जळकोटला न जाता आधी उदगिराला उतरली. गुंडप्पा आता थकला होता. मशीन मालकानं ठेवलेला नवा पोरगा चालवायचा. गुंडप्पा अंगणात बाजेवर बसला होता. लेकीला बघून उजळला.

‘‘आगं, अचानक? चहा टाक, मला बी दे.’’

ती उभीच राहिली. ‘‘अप्पा, शेळीच्या पिक्चरला शेवटचं रीळ होतं.’’

गुंडप्पानं सरकून बाजेवर तिला जागा केली. मग म्हणाला, ‘‘बस चुकत होती लोकांची. मालकानं सांगितलं, एक रीळ गाळ.’’

‘‘गाण्याचं गाळतात. ते तर गाळलंच होतंत, काल बघितलं मी. शेवटाचं कुणी गाळतं का? तुम्हीच शिकवलं मला.’’

गुंडप्पानं तंबाखूची डबी उघडली आणि तशीच मिटली.

‘‘अन् लोकांची बस चुकत होती. मला कुठली बस धरायची होती? भिंतीपल्याड घर होतं माझं. मी तोंडानं विचारलं होतं तुम्हाला.’’

गुंडप्पानं बाजेची सुतळी चाचपली. ‘‘पेटी आली त्या सकाळी बघितला मी. एकट्यानं. ती पोरगी जाती अन् तो येडा बाप मागं पळतो, ते बघून मी तिथंच ते रीळ काढून बाजूला ठेवलं. तू तर आधीपासूनच नांदेड नांदेड करून राहिली होतीस. म्हणलं, हे शिवानं बघितलं तर राहायची न्हाई.’’

म्हणजे एका पोरीला घरात ठेवायला यानं अख्ख्या उदगिराला अर्धा पिक्चर दाखवला. अकरा आठवडे. खडी फोडून आलेल्या बाया, त्यांच्या पोरी, सगळ्यांना. शिवकांताला आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला.

‘‘नको जाऊ म्हणायचं होतंत,’’ ती म्हणाली. ‘‘भांडले असते, रडले असते. ऐकलं बी असतं कदाचित. तुमचं नको तुमच्याजवळ राहिलं असतं. तुम्ही ते माझ्या तोंडातनं वदवून घेतलंत. दहा वर्षं मी सांगत फिरते, मीच ठरवलं म्हणून.’’

‘‘पण पोरी, मी कुठं अडवलं तुला? तूच न्हाई म्हणलीस.’’

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. सांगून सांगून त्याला ते खरं वाटायला लागलं होतं.

‘‘अन् ठेवलं तर ठेवलं, मग सहा महिन्यांत लगीन लावून दिलंतच की!’’

‘‘तसं न्हवं,’’ गुंडप्पा समजावणीच्या सुरात म्हणाला. ‘‘लगीन झालेली लेक सणावाराला येती बापाकडं. नोकरीवाली कुठं येती? एकदा गेली की गेली.’’ आणि मग, जणू बोलणं संपलं अशा समाधानानं, ‘‘दिवाळीला कधी येतीस? पोरांना चार दिवस आधीच घेऊन ये.’’

शिवकांतानं पिशवी उचलली. निघताना बापाच्या पाया पडायची रीत होती. गुंडप्पानं सवयीनं पाय बाजेखाली सोडले. तोवर ती दारापर्यंत गेली होती.

‘‘तारामती नोकरीवाली हाय,’’ ती म्हणाली. ‘‘सुट्टी लागली की दर खेपेला येती तिच्या बापाकडं. मी न्हाई येणार अप्पा, ह्या दिवाळीला.’’