आटेकाका

लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं बागेत बसून गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगतात. काकांनी शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, कापडी पंखांचं, पण खरंखुरं. गल्लीने लगेच निकाल दिला, काकांचे आटे ढिले झाले. तेव्हापासून ते आटेकाका. काकांना नाव आवडलंही, जन्मभर त्यांनी आटेच तर आवळले होते.

पंखांचं कापड काकूंनी शिवलं, शिवणकाम हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. शिवून झालं तरी त्या शेडमधून हलल्या नाहीत. पंखाला खालून एक तिरका दांडा धरून ठेवतो. दांड्याच्या टोकाचा स्क्रू नळीत पुरेसा आत गेलाय का, हे कळायला तिथे बारीक भोक असतं. भोकात सुई अडली तर ठीक, आरपार गेली तर तिथवर स्क्रू पोचलेलाच नाही. काकू येता-जाता सुई टोचून बघायच्या.

"दांड्याला इंजेक्शन देतेस का?" काका चिडवायचे.

कामाच्या वहीत 'करणारा' आणि 'बघणारा' असे दोन रकाने होते, लिफ्टवरची जुनी सवय. सहा वर्षं दोन्हीकडे सही काकांचीच. बायकोची सुई म्हणजे काय तपासणी?

पहिल्या उड्डाणाची सकाळ उजाडली. लेक वैमानिक, विमान तीच उडवणार होती. तेवढ्यात काकांना डावा पंख किंचित खाली वाटला. राहवतंय कुठे! त्यांनी डाव्या दांड्याचं टोक चार फेरे बाहेर काढलं. पंख समपातळीत आले, काका खूश.

काकूंनी सवयीने सुई टोचली.

"अहो, सुई आरपार गेली."

"काल तर बघितलं होतंस ना?"

"काल बघितलं. पिळलंत आज."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण! उरलेल्या मोजक्या आट्यांवर पंख लटकला असता, आणि त्या पंखाखाली लेक.

लेकीने हेल्मेट काढलं. "सावकाश करा बाबा. मला घाई नाही."

काकांनी डावा दांडा पुन्हा आत पिळला आणि उजवा थोडा आखडून तो पंख डाव्याच्या बरोबरीला आणला. आराखड्यात तेवढी मुभा होती. काकूंनी दोन्हीकडे सुई टोचली. अडली.

काकांनी वही पुढे केली. "इथे सही कर. बघणारा."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"मला सगळं कळतं, आणि बघ काय करून बसलो."

काकूंनी जपून सही केली. "तुमचे आटे ढिले म्हणणाऱ्यांशी मी सहा वर्षं भांडले हो. आता जाऊन माफी मागते एकेकाची."

काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

विमान उडालं, मैदानावर तीन घिरट्या घालून अलगद उतरलं. लेक उडी मारून धावत आली.

"बाबा, हात सोडला तरी सरळ जातं!"

"मला काय सांगतेस?" काका म्हणाले. "बघणारीला सांग."