मनगटावर नसलेली शीर

त्या बाईचं डावं मनगट मी अजून विसरलेलो नाही. उसाचा हंगाम चालू होता. ठाण्यात खबऱ्याचा फोन आला, की पुणतांब्याजवळच्या तळावरची पाथर्डीकडची तोडणी टोळी दवाखान्यावर चालून निघालीय. आम्ही वेळेत पोचलो, म्हणून दवाखान्याच्या काचा आणि तिथला तरुण डॉक्टर शाबूत राहिले.

तक्रार नवऱ्याची होती. कोयता लागून बायकोचं मनगट चिरलं, डॉक्टरनं ऑपरेशन केलं. पट्टी सुटल्यावर नवऱ्यानं तिचे दोन्ही हात ताडून पाहिले. मूठ आवळली की मनगटावर दोरीसारखी उठणारी शीर उजव्या हाताला होती, डाव्याला नव्हती. "डाक्टरनं शीर काढून दुसऱ्याला लावली," हे एकच तो धरून बसला. हातावर पोट असलेला माणूस, त्याचा संताप मला कळत होता.

डॉक्टरची मी कसून चौकशी केली. त्यानं ऑपरेशनची नोंद पुढे केली: शीर, म्हणजे स्नायूला जोडलेली दोरी, जन्मतःच नाही; बोटांची नस, म्हणजे मज्जातंतू, थेट कातडीखाली आहे. अशी नोंद मागाहूनही लिहिता येते, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. तज्ज्ञांच्या मताशिवाय डॉक्टरवर गुन्हा नोंदवायचा नसतो, म्हणून कागद जिल्ह्याच्या समितीकडे पाठवले.

समितीत शरीररचना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आधी मला आणि हवालदाराला अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवायला लावलं. माझी शीर उठली. हवालदाराच्या दोन्ही हातांना ती नव्हतीच. जन्मभर बेड्या ठोकणारा गडी आपलीच मनगटं बघत बसला.

"शीर काढून नेली, तरी तिला ओढणारा स्नायू वर कोपराखाली राहतोच," बाई म्हणाल्या. "सोनोग्राफी करा."

केली. तिच्या डाव्या हातात तो स्नायूच नव्हता. घाईतला एखादा सर्जन त्या नसेलाच शीर समजला असता आणि बोटं कायमची गेली असती, असंही बाईंनी सांगितलं. या तरुण डॉक्टरनं ती ओळखून जपली होती. दोघांच्याही विद्येपुढे मी मनातून वाकलो.

निकाल सांगायला नवरा-बायकोला ठाण्यात बोलावलं. नवरा खाली मान घालून उभा राहिला. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "सायेब, ह्यो हात पयल्यापासनं असाच हाय. पन मला कुनी इचारलंच न्हाई."

मी फाईल उघडून पाहिली. नवऱ्याचा जबाब होता, डॉक्टरचा होता. जिचा हात, तिचा नव्हता.