घडीचं फावडं आणि रापणीतला वाटो

गुरुदास रासम यांना आमच्या वाडीत रिकाम्या कमरेनं कोणी पाहिलेलं नाही. लोक घराबाहेर पडताना मोबाइल चाचपतात, चावी चाचपतात. गुरुदास फावडं चाचपतात. घडीचं फावडं. खाकी कापडाच्या पिशवीत घालून पट्ट्याला अडकवलेलं. मिटलं की जेवणाच्या ताटात मावेल, उघडलं की दीड हात. मानेजवळ एक चकती आहे, ती सैल करून पातं काटकोनात वळवलं की फावड्याची कुदळ होते. पात्याच्या एका कडेला धार, दुसऱ्या कडेला करवतीचे दात. उलटं रोवून त्यावर बसताही येतं, पण त्याला सराव लागतो. आमच्या सरपंचांनी एकदा प्रयत्न केला होता, त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही.

गुरुदास वैभववाडीकडचे. भातशेतीवाल्यांच्या घरातले. सतरा वर्षं फौजेत होते आणि त्या सतरा वर्षांत त्यांनी मुख्यतः खंदक खणले. शत्रू त्यांच्या एकाही खंदकापर्यंत पोचला नाही आणि याचं श्रेय ते खंदकांनाच देतात. हवालदार म्हणून निवृत्त होताना सरकारचं फावडं सरकारला परत करावं लागलं. निरोपाच्या सलामीला त्यांचे डोळे कोरडे होते, फावड्याच्या पावतीवर सही करताना मात्र भरून आले. घरी येताना वाट वाकडी करून बेळगावच्या कॅम्पात उतरले आणि तिथल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून अगदी तसलंच फावडं घेऊनच पुढच्या गाडीत बसले.

त्या फावड्यानं ते नारळ सोलतात. शहाळं फोडतात. मिरीच्या वेलाला आळं करतात, होडीच्या तळाला चिकटलेले शंख खरवडतात, खिळे ठोकतात, वाकलेले खिळे सरळ करतात. घाटात एसटीचं चाक चिखलात रुतलं तेव्हा ड्रायव्हर फोनवर डेपोशी बोलत होता, तेवढ्यात गुरुदासांनी खाली उतरून चाकापुढचा चिखल काढला, झाडाच्या फांद्या करवतीनं कापून चाकाखाली घातल्या आणि परत येऊन आपल्या सीटवर बसले. डेपोतून मदत निघाली तेव्हा गाडी फोंड्यात पोचून चहा पीत होती.

बँकेत त्यांना दारावरच्या गार्डनं अडवलं होतं. बँकेत गुरुदास पुस्तकी मराठी बोलतात.

"साहेब, हे हत्यार नाही. हे अवजार आहे."

"मग उघडून दाखवा," गार्ड म्हणाला.

गुरुदासांनी खट खट खट असं तीन झटक्यांत उघडून दाखवलं. मागची सगळी रांग भिंतीला चिकटली आणि गुरुदासांचा नंबर आपोआप पहिला लागला.

घरात मात्र या फावड्याला एक वैरी आहे. सत्यवती. गुरुदासांची बायको. एकदा ती बाजाराला गेली असताना गुरुदासांनी पातं चुलीवर तापवून त्यावर अंड्याचा पोळो घातला. पोळो सुरेख झाला होता. सत्यवतीनंही परत आल्यावर अर्धा खाल्ला. मग तिला आठवलं की सकाळी याच पात्यानं शेण उचललं होतं.

"ह्या घरात एकतर मी रवतलंय, नायतर ह्या फावडा!"

"तू रव गो," गुरुदास म्हणाले. "ता भायर झोपतला."

सत्यवती आमच्या वाडीची, दर्यावरच्या माणसांतली. लग्नाआधी ती आई आनंदीबाईंबरोबर वैभववाडीच्या बाजारात मासे विकायला बसायची. एका सुट्टीत हवालदारसाहेबांनी तिच्याकडून रोज बांगडे घेतले, वार न बघता, सोमवारीसुद्धा. सोमवारी रासमांच्या घरात मासे शिजत नाहीत. घरच्यांना संशय आला आणि महिन्याभरात लग्न ठरलं. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी वर्षभर नाकं मुरडली, मग दमले. पुढे आनंदीबाई एकट्या पडल्या, म्हणून निवृत्तीनंतर गुरुदास सासुरवाडीलाच राहायला आले. फावड्यासकट.

इथवर सगळं छान होतं. अडचण होती ती मानाची. त्यांचा मान कमी नव्हता, जास्त होता.

आमच्याकडे रापण लागते. होडीतून भलंमोठं जाळं दर्यात अर्धगोल सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि तीस-चाळीस माणसांनी ते ओढायचे. ज्याचा हात दोराला लागला त्याला माशांतला वाटो. नियम साधा आहे. पण गुरुदास वाडीचे जावई. ते पहिल्यांदा दोराकडे गेले तेव्हा रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, दाजी मधे आडवे आले. दाजी सत्तरीचे, आणि त्यांचा आवाज भरतीच्या लाटेवरून पलीकडे जातो.

"जावयाक दोर वढूक लावायचो? लोक आमच्या तोंडार थुकतले! बसा, जावईबापू. अरे, खुर्ची हाडा रे!"

रापण ओढून झाली की दाजी स्वतः चार बांगडे निवडून, पानात गुंडाळून, दोन्ही हातांनी गुरुदासांना द्यायचे. जावयाची भेट. असं एक वर्ष नाही, सात वर्षं. हद्द झाली ती सातव्या वर्षी. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं फोटोपुरता दोर धरला. पाच मिनिटं. त्यातली तीन तो कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. त्याला वाटो मिळाला. बाजूला गुरुदास खुर्चीत.

त्या दिवशी त्यांनी घरी येऊन पानाची पुडी ओट्यावर आपटली.

"तो पाहुणो पाच मिनिटांत वाट्याचो धनी झालो. आणि मी सात वर्सां भेटीचो!"

"अवो, मासे तेच न्हय?" सत्यवती म्हणाली.

"मासे तेच गो. नाव वेगळा."

फावड्याला नावं ठेवणारी बाई त्या रात्री नवऱ्याला दुसऱ्यांदा आमटी वाढून गेली, त्यावरून तिला काय ते कळलं असावं.

आता नारळी पौर्णिमेची गोष्ट.

पावसाळ्यात आमची रापणीची होडी किनाऱ्यामागच्या व्हाळात बांधून ठेवतात. व्हाळ म्हणजे ओढा, तो जिथे दर्याला मिळतो तिथे लाटा दरवर्षी वाळूचा बांध घालतात. पौर्णिमेला तो बांध फोडून होडी बाहेर काढायची, तिच्यातून नारळ वाहायचा, मग हंगाम सुरू. यंदा श्रावणात पावसानं आठ दिवस दडी मारली आणि लाटांनी चाळीस पावलं रुंद बांध घातला. मागच्या वर्षी जेसीबी आणला होता, तो पोटापर्यंत रुतला आणि बांध फोडायचा सोडून सगळी वाडी जेसीबी काढत बसली. म्हणून यंदा माणसं, फावडी आणि घमेली.

सकाळपासून तीस माणसं खणत होती. होडी व्हाळात, म्हणून सगळे व्हाळाच्या बाजूनं खणत होते. दर्यावरच्या माणसाची नजर होडीवर असते, तो होडीपासूनच सुरुवात करणार. हातभर खणलं की व्हाळाचं पाणी चरात घुसायचं, चार पावलं जायचं, दोन्ही बाजूंची वाळू आत ढासळायची आणि चर बुजायचा. मग पुन्हा. दुपारपर्यंत बांध होता तिथेच होता आणि माणसं आडवी झाली होती. सुकती, म्हणजे पुरती ओहोटी, साडेपाचाला. त्यानंतर दर्या चढणार, म्हणजे होडी आतच आणि नारळ काठावरूनच. असं दाजींच्या हयातीत कधी झालं नव्हतं. दाजी नारळ मांडीवर घेऊन गप्प बसले होते, आणि त्यांचं गप्प बसणं ऐकवत नव्हतं.

गुरुदास खुर्चीतून उठले. होडीकडे न जाता उलट दिशेला, पार दर्याच्या टोकाला गेले, फावडं उघडलं, पातं काटकोनात वळवलं आणि गुडघ्यांवर बसून ओल्या वाळूत अरुंद चर ओढायला लागले.

होडीवाला प्रितम ओरडला, "दाजी, जावईबापू दर्याक पाट काढतत!" मग गुरुदासांकडे वळून, "काय ओ, थंय भात लावतलास काय?"

आडवी झालेली माणसं हसायला उठून बसली.

दाजी लगबगीनं आले. "जावईबापूंनु, उठा बघू. तुमी कित्याक?"

गुरुदास उठले नाहीत. "दाजी, पाणी आधी सोडला की ता वाटेतच बसता. आमच्या शेतात पाट खालसून वर काढतत. उताराच्या टोकाकडसून. आणि बांध फोडतत तो सगळ्यात शेवटाक. पाण्याक थांबूक जागाच देवची नाय."

दाजींनी चराकडे पाहिलं, व्हाळाकडे पाहिलं. व्हाळाचं पाणी दर्यापेक्षा पुरुषभर उंच होतं आणि भरती ओसरल्यापासून ते तसंच होतं, फक्त तिकडे कोणी या नजरेनं पाहिलं नव्हतं. त्यांनी नारळ वाळूत ठेवला. "उठा रे मेल्यांनु! सगळे हय येवा!"

मग काम लागलं. पुढे गुरुदास गुडघ्यांवर चराची रेघ आखत, मागून तीस माणसं ती खोल करत. चरात पाणी नाही, त्यामुळे ढासळायचं नाव नाही. पंचवीस पावलं तासाभरात झाली. सव्वीसाव्या पावलावर फावडी ठण्णकन वाजली. वाळूखाली माडाचा ओंडका आडवा, आणि त्याला कोण जाणे किती वर्षांचं नायलॉनचं जाळं गुंडाळलेलं. मोठी फावडी उसळून परत येत होती. लांब दांड्याला चरात फिरायलाच जागा नव्हती.

गुरुदास पोटावर झोपले. पातं सरळ केलं, डोकं आणि फावडं दोन्ही ओंडक्याखाली घातलं. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. आतून करवतीचा आवाज आणि अधूनमधून हिंदी. कापलेलं जाळं मुठीमुठीनं बाहेर येऊ लागलं.

"प्रितम!" ओंडक्याखालून हुकूम सुटला, "हात घाल हय! वढ!"

प्रितमनं मुकाट्यानं हात घातला. दाजी वरून वाकून ओरडत होते, "गुरुदासा, थंय उजव्या अंगाक गाठ आसा! बघत काय रवलंस? काप ती!"

जावईबापू हा शब्द कुठे गळून पडला ते कोणाच्या लक्षात आलं नाही. गुरुदासांच्या आलं असणार, कारण करवत एकदम जोरात चालायला लागली. ओंडका हलला, दहा जणांनी तो वर उचलला आणि बाजूला फेकला.

उरलेला चर खणून होईतो पाच वाजले. व्हाळ आणि चर यांच्यामध्ये दोन हात वाळू उरली. प्रितम आणि चौघे होडीत चढले, बाकीचे बाजूला झाले. गुरुदासांनी फावडं उचललं आणि थांबले. दाजींकडे पाहिलं. शेवटी तांडेल ते.

"फोड!" दाजी म्हणाले.

चार घाव. पाण्याची मनगटाएवढी धार चरात शिरली आणि कुठेही न थांबता सरळ दर्यापर्यंत गेली. मग ती मांडीएवढी झाली. मग दोन्ही काठ धडाधड कोसळायला लागले आणि पाणी ती वाळू पोटात घेऊन पळायला लागलं. गुरुदासांनी बाहेर उडी मारली ती वेळेवर. पंधरा मिनिटांत तिथून बैलगाडी गेली असती. वीस मिनिटांत झेंडूच्या माळा घातलेली होडी, आत पाच माणसं आणि दाजींचा नारळ, अशी व्हाळातून सुटली आणि भर ओहोटीत दर्यात गेली. बायकांनी ओरडून किनारा डोक्यावर घेतला. सत्यवती त्यात सगळ्यांत पुढे होती आणि शेजारणीला सांगत होती, "आमच्या फावड्यान केल्यान!" आमच्या, म्हणाली ती.

पंधरा दिवसांनी दर्या निवला आणि पहिली रापण लागली. गुरुदास किनाऱ्यावर आले तेव्हा खुर्ची कुठेच नव्हती. दाजींनी नुसतं बोट दाखवलं, उजवा दोर, प्रितमच्या मागे. गुरुदासांनी दोर धरला. सात वर्षांची हौस होती, त्यांनी पहिल्याच झटक्याला एवढा जोर लावला की पुढचे तिघे मागे पडले.

"शिरा पडो तुझ्या तोंडार, गुरुदासा!" दाजी गरजले. "खंदक नाय तो! सगळ्यांवांगडा वढ!"

सात वर्षांत दाजींनी त्यांना एका शब्दानंही दुखावलं नव्हतं. गुरुदासांचा चेहरा असा फुलला की त्यांना पदक मिळाल्यासारखं वाटावं.

जाळं भरून आलं, बांगडे आणि तारली. दाजी वाट्यांच्या राशी घालायला बसले. आमच्याकडे माणसांबरोबर सामानालाही वाटो असतो. "हो जाळ्याचो. हो होडयेचो." मग माणसांचे वाटे, त्यात गुरुदासांचा, ना मोठा ना लहान, सगळ्यांसारखा. आणि मग दाजींनी बाजूला आणखी एक रास घातली.

"आणि हो कोणाचो?" प्रितमनं विचारलं.

"फावड्याचो. होडी भायर कोणी काढली? माझ्या बापाशीन?"

प्रितमनंच एक चांगला बांगडा आपल्या वाट्यातून उचलून त्या राशीवर टाकला.

किनाऱ्यापासून गुरुदासांचं घर चाळीस पावलांवर आहे. त्या दिवशी ते दोन टोपल्या घेऊन किनाऱ्यावरून निघाले ते देवळाकडून वर गेले, एसटीच्या थांब्यावर थोडं थांबले, शाळेला वळसा घातला आणि दुसऱ्या टोकानं वाडीत शिरले. दर घराच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, कोणी ना कोणी हाक मारत होतं.

"काय जावईबापू, आज भेट मोठी गावली?"

"भेट नाय गो," गुरुदास टोपली खाली ठेवून, नीट उभे राहून, प्रत्येक घराला सांगत होते. "वाटो. एक माझो, एक फावड्याचो."

घरी पोचायला त्यांना पाऊण तास लागला.