गंगूआत्याचा अंगठा

भरे गावातल्या आमच्या वस्तीत गंगूबाईला कुणी गंगूबाई म्हणत नाही. लहानथोर सगळ्यांची ती आत्या. वय सदुसष्ट, आवाज असा की विहारात माइक लागत नाही. दर रविवारी वंदना तीच सांगते, आम्ही मागून म्हणतो. विहारापुढचा पिंपळ तिनं लावलेला, आणि त्याला पाणी घालायचं काम ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

चोवीस वर्षं ती लवळ्याच्या टेकडीवर, मुलांच्या वसतिगृहाच्या कँटीनमध्ये चपात्या भाजायची. उलथनं वापरायची नाही, बोटांनीच उलटायची. म्हणायची, "उलथन्याला काय कळतंय? बोटाला कळतं ती कवा फुगायची." त्या बोटांवर शेवटी रेषाच उरल्या नाहीत. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा लागायचा नाही. दर महिन्याला पुसून, फुंकून, डोक्याच्या तेलाला घासून चार-पाचदा दाबायची आणि मग दुकानदार मोबाइलवर नंबर मागवायचा. "मशीन मला वळखत न्हाई," असं ती हसत सांगायची.

मी बुद्धभूषण. वाढलो याच वस्तीत, नोकरी हिंजवडीत. कंपनीची कॅब दारापर्यंत येते, पण मी फाट्यावर जाऊन उभा राहतो, म्हणजे आतल्या सीटवरच्या लोकांना माझं घर दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते याच स्वभावातून झालं.

आषाढी पौर्णिमेला विहारात ठरलं की नोव्हेंबरच्या अखेरीला श्रीलंकेला जायचं. अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायचा. यादी, व्हिसा, हॉटेलं सगळं माझ्याकडे आलं, कारण 'भूषण कंपूटरवाला'. मीही फुगलो. एक्सेलमध्ये तक्ता केला. नाव, वय, पासपोर्ट आहे की नाही, गुडघे कसे आहेत, असे रकाने. तिकडं नोव्हेंबरात पाऊस असतो हे शोधून काढून सगळ्यांना छत्र्या घ्यायला लावल्या. यादीत पहिलं नाव गंगूआत्याचं होतं.

तिला तो देश, तिथले राजे, त्यांचे दगडी महाल, कशातच रस नव्हता. तिला एकच गोष्ट ठाऊक होती. "फांदी कुनी नेली तितं? संघमित्रेनं, अशोकाच्या लेकीनं. बाईनं! समुद्रावरनं जपून नेली आनि लावली. येवढी वर्सं जगलीया. मला फकस्त त्या झाडाला पानी घालायचंय, बाकी काय दावू नगा."

आमच्या टीमचा मुख्य कौस्तुभ. मूळचा अमरावतीचा, आता हिंजवडीत अकराव्या मजल्यावर राहतो. त्याला आणि त्याच्या बायकोला, किमयाला, श्रीलंका बघायचीच होती. मी म्हटलं, आमच्या ग्रुपबरोबर चला. साहेब आपल्या बरोबर येणार, याचं मला केवढं कौतुक! ऑगस्टच्या एका रविवारी तो बैठकीला विहारात आला. मी खुर्ची आणून ठेवली होती, पण तो सतरंजीवरच बसला. आत्यानं त्याला चहा दिला आणि समोरच बैठक मारली.

"ह्यो तुमच्या हाताखाली हाय व्हय? नीट काम करतोय न्हवं? ह्याला म्या कँटीनच्या उरलेल्या चपात्यांवर वाढवलाय. आई ह्याची हिंजवडीला इमारतीवर जायाची. ह्यो सांजच्याला माझ्या दारात बसून राह्याचा. करपलेली दिली की रडायचा. म्हनायचा, फुगलेली दे."

लोक हसले. कौस्तुभही हसला, अगदी मोकळेपणानं. "भारी आहे रे तुझी आत्या," म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझे कान तापले. ऑफिसात मी 'आमची मुळशीला शेती आहे' असं सांगितलेलं होतं. आज ज्या इमारतींमध्ये आम्ही एसीत बसतो, त्यांच्या विटा माझ्या आईनं डोक्यावरून वाहिल्या, हे कधी सांगितलं नव्हतं. आता ही बाई सात दिवस, बसमध्ये, विमानात, नाश्त्याच्या टेबलावर हेच सांगणार, एवढंच मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिचा पासपोर्टचा अर्ज भरायला गेलो. तिनं आधार कार्ड, मतदानाचं कार्ड, सगळं एका पिशवीत घालून तयार ठेवलं होतं. मी पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"आत्या, पासपोर्टला दहाही बोटांचे ठसे लागतात. तुझे उमटत नाहीत. तुला नाही मिळणार."

वाक्य इतकं सरळ आलं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. तिनं दोन्ही हात उजेडात धरून पाहिले. मला वाटलं, भांडेल. ही बाई तलाठ्याशी भांडलेली आहे.

"रेशनचं बी तसंच हाय," ती म्हणाली. "मग काढ माझं नाव. माझ्यापायी लोकांचा खोळंबा नगं."

घरी येऊन मी तिची ओळ काढून टाकली. खालची नावं आपोआप एकेक वर सरकली. मला हायसं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढचे दोन महिने मी नियोजनात बुडालो होतो. मधे कधीतरी कळलं की आत्या कँटीनला जात नाही. एकदा तिच्या दारावरून जाताना ती हातात मोजे घालून बसलेली दिसली, थंडी नसताना. म्हटलं, वय झालं. थांबून विचारलंही नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी कॅबच्या वेळेला, ती फाट्यावर आली. धापा टाकत होती. तिच्या हातात रेशनच्या दुकानाची पावती होती.

"बघ. मशीननं पयल्या झटक्यात घेतला अंगठा. तीन वर्सांनी!" तिनं दोन्ही पंजे माझ्या तोंडापुढं धरले. "तवा सोडला म्या. दोन म्हैनं झालं. रोज साय लावतीया, रातच्याला कोकमाचं तेल लावून मोजं घालतीया. लाकूड न्हाई, भांडी न्हाई, राख न्हाई. ह्या बघ रेषा. आता दील न्हवं पासपोर्ट?"

बारीक, फिकट रेषा खरोखरच आल्या होत्या. "आणि कँटीन?" मी विचारलं.

"त्यांनी दुसरी बाई ठिवली. ठिवनारच की. पोरं उपाशी ऱ्हातील का?"

कॅब येऊन थांबली. मी चढलो नाही. आतले लोक बघत होते. मी तिथंच उभं राहून मोबाइलवर तिचा अर्ज भरला. तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, मिळाला पासपोर्ट की झालं, कुणाला कळणार आहे!

आठ दिवसांनी मी तिला माझ्या गाडीतून पुण्याला पासपोर्ट ऑफिसात नेलं. खिडकीपलीकडं एक तरुण मुलगी होती. आत्यानं बोटं यंत्रावर ठेवली आणि कौतुकानं तिला सगळी हकीकत सांगितली. तवा, साय, मोजे, सगळं. ती मुलगी ऐकून हळहळली.

"आजी, कशाला एवढं केलंत? नसते उमटले तर तशी नोंद केली असती. धुणीभांडी करणाऱ्या, भट्टीवरच्या कितीतरी बायका येतात. बोटांसाठी कुणाचं अडत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, क्षणभरच. मग त्या मुलीला म्हणाली, "आमच्याकडं असंच म्हनत्यात."

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत बसली. ही बाई अनोळखी माणसाला त्याच्या म्हशीची चौकशी करते, आणि चांदणी चौकापासून पिरंगुटपर्यंत गप्प. भूगावला फक्त म्हणाली, "काच जरा खाली कर." मी स्टेअरिंगला धरून बसलो होतो. शरम अंगावर आली की माणूस रस्त्याकडं फार लक्ष देऊन गाडी चालवतो.

तिकिटं काढणाऱ्या टूरवाल्यांनी पासपोर्ट पाठवायची शेवटची तारीख पंचवीस ऑक्टोबर दिली होती. पोलिसांची चौकशी, टपाल, यात दिवस गेले आणि आत्याचा पासपोर्ट आला एकोणतीसला. मी फोन केले, हातापाया पडलो. ग्रुपची तिकिटं निघाली होती, जागा नव्हती. ऑगस्टमध्ये अर्ज भरला असता तर सप्टेंबरातच तो तिच्या हातात असता. माझ्या नावाच्या जागी तिला पाठवा म्हटलं, तर तिकिटावरचं नाव बदलत नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी सगळे विहारात जमले. कौस्तुभ आणि किमयाही आले. आत्यानं वंदना सुरू केली. पंचशील आलं. पहिलं, दुसरं, तिसरं मी म्हटलं. चौथं, खोटं बोलणार नाही हे. तिनं त्याच आवाजात, न थांबता सांगितलं. सगळ्यांनी म्हटलं. माझं तोंड उघडलं नाही.

वंदना संपल्यावर विहाराचे सचिव दयानंदकाका म्हणाले, "गंगूबाई, चार दिसांनी हुकला की वो तुमचा नंबर. एवढा उशीर कसा झाला? बोटांचं काय लफडं हुतं म्हनं?"

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, आता सगळ्यांसमोर सांगायचं. आत्यानं मला बोलूच दिलं नाही.

"माझंच चुकलं. मीच येळंत कागद दिलं न्हाईत. भूषण सारखा मागत हुता."

कौस्तुभनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "तू तरी किती जणांच्या मागे लागणार!" मी खाली बसलो.

लोक गेले. मी सतरंज्या गोळा करत मागं राहिलो. आत्यानं विझलेली मेणबत्ती परत लावली आणि मूर्तीपुढं एकटीच बसली.

"आत्या," मी म्हणालो, "खोटं बोललो मी. ठशांचं काय न्हवतं. मला तुझी लाज वाटत हुती."

"ठावं हाय. त्या पोरीनं सांगितलं तवाच कळलं." तिनं मागं वळून पाहिलं नाही. "म्या चपात्यांचं बोलली म्हनून ना? मला वाटलं, तुला बी ते गोड लागत आसंल."

मी म्हटलं, मी जात नाही. त्यावर मात्र ती उसळली. "आनि लोकांना तितं कोन सांबाळनार? गुमान जा. माझा पासपोर्ट धा वर्सांचा हाय."

दहा वर्षं. म्हणजे सत्त्याहत्तर. आम्ही दोघांनीही तो हिशेब बोलून दाखवला नाही.

तिनं पिंपळाच्या पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. त्याच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. आत थोडं पाणी होतं. नेण्यापुरतं बाटलीत भर म्हणाली, आणि अनुराधापूरच्या त्या झाडाला घाल.

"तुझ्या हातानं घातलं पाहिजे होतं," मी म्हणालो.

"व्हय, पायजे हुतं," ती म्हणाली. दिलासा देण्यासाठीसुद्धा 'असू दे' म्हणाली नाही. मग सतरंजीवर हात आपटला. "बस हितं. आज म्या बी खोटं बोलली, तुझ्यापायी. शील घेऊन घटका झाली न्हाई. चौथं परत घ्यायचंय मला. तू मगाशी घेतलंच न्हाईस, बघितलं म्या. दोगं मिळून घिऊ."

मी तिच्या शेजारी बसलो. तिनं हात जोडले. त्या बोटांवर रेषा होत्या, नव्या, लहान मुलाच्या बोटावर असतात तशा. तिनं चौथं शील सांगितलं आणि मी ते मागून म्हणावं म्हणून थांबली. बराच वेळ थांबावं लागलं तिला.